मोजायची नाहीत

बारीच्या स्टेशनामागे माझं दुकान आहे,
सहा फुटांचं, त्यात दोन बूथ.
काचेवर देशांची यादी, पुढे मिनिटाचा भाव:
जॉर्जिया आठ सेंट, सेनेगल अकरा, इक्वेडोर नऊ.
भाव फिरतात, म्हणून खडूनेच लिहितो.
गिऱ्हाईक आधी आपला देश शोधतं,
मग भाव बघतं,
मग माझ्याकडे बघतं,
जणू समुद्र मीच मध्ये आणून टाकला.

कार्डावर छापतात तीनशे मिनिटं,
बोलायला मिळतात पावणेदोनशे.
बाकीची कोण खातं, मला विचारू नका.
लागल्याचे पैसे, ठेवल्याचे पैसे,
आठवडाभर गप्प राहिलात तर त्याचेही.
सगळं मागे लिहिलेलं असतं,
मुंगीच्या पायांनी.

त्सियाला गुरुवारी येते.
चौथ्या मजल्यावरच्या एका म्हातारीला
अकरा वर्षं अंघोळ घालते आहे,
गुरुवार दुपार तेवढी तिची स्वतःची.
नवरा तिकडे चियातुरात. गुराम.
खाणीतून घरी बसलेला, फोन बटणांचा,
इंटरनेटशी त्याचं वाकडं.
लिफाफ्याच्या पाठीवर यादी करून आणायची:
गॅसचं बिल. पत्र्याचं भोक. नातीचा दात. खोकला?
बूथमध्ये खुर्ची आहे,
पण ती उभ्यानेच बोलायची.
बसलं की वाक्यं लांबतात, म्हणायची.

तिची भाषा मला येत नाही,
पण हिशेब कळायचा:
तिची चार वाक्यं, पलीकडून एक 'हो'.
त्यांच्यातही हो म्हणजे होच.

मार्चमध्ये नवं सिम आलं,
महिन्याला दहा युरो, बोला हवं तेवढं.
मी तिच्यासाठी एक बाजूला ठेवलं होतं.
किती मिनिटं, तिने विचारलं.
मोजायची नाहीत, मी म्हणालो.
म्हणजे किती?
सवयीने तिने ते नखाने खरवडून पाहिलं,
खाली काही आकडा निघतो का.

पुढच्या गुरुवारी फोन काउंटरवर आपटला.
बिघडलंय हे, बिचो.
(मला ती बिचो म्हणते. पोरा.
मी बेचाळीसचा आहे.)

काय झालं, तर
यादी सहा मिनिटांत संपली.
मग तो म्हणाला, हो.
मग ती म्हणाली, हो.
मग तिने हवा विचारली, त्याने हवा सांगितली,
आणि तिला सुचेना.
इतकी वर्षं वाटायचं पैसे कमी पडतायत,
ते बरं होतं, म्हणाली.
तेवढ्यात पलीकडे घोरणं सुरू.
फोन छातीवर ठेवून झोपला होता गाढव.
मग ठेवलास?
तिने अशी नजर टाकली
की मी उगाच पेन शोधू लागलो.

दीड तास.
फोन स्वयंपाकघरात, आवाज मोठा करून,
ही वाटाणे सोलत बसलेली.
आतून म्हातारीने विचारलंसुद्धा,
सुतार कधी बोलावला?
माझाच खडू घेऊन त्सियालाने
माझ्याच काउंटरवर मांडून दाखवलं:
नव्वद गुणिले आठ,
सात युरो वीस सेंट
नुसत्या घोरण्याचे.
बोटाने पुसलं, पुन्हा केलं. तेवढेच आले.

मग बिघडलंय कुठे? मी विचारलं.
तिने खडू जागेवर ठेवला.

तो मध्येच थांबतो, म्हणाली.
घोरता घोरता एकदम काहीच नाही,
श्वासही नाही.
पूर्वीही थांबायचा.
तेव्हा मी कोपराने ढोसायचे
की परत चालू.
इथून कसं ढोसायचं, बिचो, ते सांग.

बूथमध्ये कुणीतरी मोठ्याने आकडे सांगत होतं.
मी फोन उघडला,
सिम काढलं, शर्टाला पुसलं,
परत बसवलं.
चालू होतं.